गच्चीवाल्यांना ७८ हजार, आणि आता बॅटरीलाही हवेत?

दुसरा मजला (धागाकर्ता)

रविवारी सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या बिलावरून सुरू झालेली चर्चा सौर पॅनेलवर गेली आणि तिथून भांडणावर. भांडण अर्धवट राहिलंय, म्हणून इथे आणतोय.

पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, एकूण ७८ हजार. माझा आक्षेप साधा आहे: ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे त्यालाच हे मिळतात. मी डोंबिवलीत सात मजली इमारतीत राहतो. गच्चीत माझा वाटा अठ्ठाविसावा, त्यावर दोन टाक्या, लिफ्टची खोली आणि कुणाकुणाच्या डिश अँटेना. सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजार मिळतात, तेही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी. माझ्या घरच्या बिलाला त्याचा थेट उपयोग शून्य. शेजारचा भाडेकरू तर कुणाच्या खिजगणतीतच नाही. कर मात्र तोही भरतो, अगदी काडेपेटीवरसुद्धा.

आता नवं टुमणं निघालंय, बॅटरीलाही अनुदान द्या. केंद्राच्या योजनेत बॅटरीसाठी वेगळा पैसा नाही आणि नाही तेच बरं. बंगला, मग पॅनेल, मग बॅटरी, मग विजेवरची गाडी. प्रत्येक पायरीवर सरकारने हात धरायचा का?

गच्चीतले अण्णा

दुसरा मजला, तुमचा राग कळतो, पण आमच्याकडे बोट दाखवून काय मिळणार? मी २०२४ च्या दिवाळीआधी तीन किलोवॉट बसवले. एक लाख पंचाण्णव हजार मोजले, नंतर ७८ हजार खात्यात आले. म्हणजे एक लाख सतरा हजार माझ्या निवृत्तीच्या पैशातले गेले. सरकारने हाच प्रकल्प स्वतः उभारला असता तर सगळाच खर्च त्याच्या अंगावर पडला असता. इथे जागा माझी, देखभाल माझी, दर पंधरा दिवसांनी पाइप घेऊन धुणारा हमालही मीच.

आणि "बंगलेवाले" म्हणता ते कोण? दहा किलोवॉट लावणाऱ्यालाही ७८ हजारच मिळतात. त्याच्या खर्चात ते दिसतसुद्धा नाहीत. टक्केवारीने फायदा होतो तो एक-दोन-तीन किलोवॉटवाल्या लहान घराला. अनुदान नसतं तर मी हिंमत केली नसती, हे खरं सांगतो.

एक इशारा जाता जाता. माझ्याकडे पहिला आलेला एजंट म्हणाला, "अनुदान वजा करूनच दर सांगतोय." कागद वाचला तर दर आधीच ७८ हजारांनी फुगवलेला! अनुदान यंत्रणा चालू झाल्यावर, तपासणीनंतर थेट तुमच्या खात्यात येतं. कुणी आधी "वजा" केलं तर समजून जा.

वऱ्हाडी वायरमन

राजेहो, तुम्ही गच्ची-गच्ची करून रायले, इकडे टिनाच्या घरावर पॅनेल चढवून रायलो म्या. राज्याची स्मार्ट योजना आली २०२५ मंधी, महिन्याले १०० युनिटच्या आत वापर असणाऱ्याइसाठी. एक किलोवॉटचा खर्च धरला ५० हजार. केंद्राचे ३० हजार, अन् दारिद्र्यरेषेखाली असन तं राज्याचे साडेसतरा हजार. घरवाल्यानं भरायचे अडीच हजार. मागच्या महिन्यात एका भाजीवालीच्या घरी बसवलं, बिल आलं तं मले फोन करून इचारते, "मीटर बंद पडलं का जी?"

हा पैसा बंगलेवाल्याले गेला का, सांगा बरं. पण एक गोष्ट दुसरा मजला साहेबाची खरी हाय. टिन जुनं असन तं सांगाडा बसत नाही. आधी टिन बदला, पाइप मारा, त्याचे दहा-बारा हजार वरून लागतात, ते कोन्या योजनेत नाहीत. अडीच हजारातलं काम तिथंच अडकते.

निवृत्त उपअभियंता

तीस वर्षं वीज वितरणात काढली, म्हणून दोन्ही पक्षांना न आवडणारं लिहितो.

आपल्याकडे घरगुती दर टप्प्यांचा असतो. पहिली १०० युनिटं वहन आकार (वीज तारांवरून पोचवायचं भाडं) धरून सहा रुपयांच्या आसपास, पुढे ३०० पर्यंत अकराच्या आसपास, त्यापुढे पंधराच्या आसपास. म्हणजे वरच्या टप्प्यातला ग्राहक खालच्याचा भार काही अंशी उचलतो. अण्णा कुठल्या टप्प्यात होते? उन्हाळ्यात नक्कीच ३०० च्या वर. पॅनेल लावल्यावर त्यांची पंधरा रुपयांची युनिटं आधी गळाली. तारा, रोहित्रं, कर्मचारी यांचा खर्च तसाच राहिला. तो कुणाकडून वसूल होणार? ज्याला पॅनेल लावता आलं नाही त्याच्याकडून. दुसरा मजला यांनी ७८ हजारांवर बोट ठेवलं, पण खरा पैसा तिथे नाही, तो नेट मीटरिंगमध्ये आहे, म्हणजे गच्चीवरून वीजजाळ्यात सोडलेली युनिटं बिलातून वजा होतात त्यात. ७८ हजार एकदाच मिळतात. नेट मीटरिंगचा फायदा मात्र पंचवीस वर्षं, दर महिन्याला.

अण्णा दुपारी एकला जे युनिट जाळ्यात सोडतात, ते रात्री नऊला एकास एक परत घेतात. दुपारी वीज स्वस्त आणि मुबलक, कारण राज्याचे सौर प्रकल्पही तेव्हाच भरात असतात. रात्री नऊला तीच वीज महाग. या दोन किमतींतला फरक वितरण कंपनी सोसते. तुमच्या गच्चीला बॅटरी नाही असं समजू नका अण्णा, महावितरण हीच तुमची फुकटची बॅटरी आहे.

गच्चीतले अण्णा

फुकटची कशी? स्थिर आकार दर महिन्याला भरतोच. आणि मार्चअखेर जी युनिटं शिल्लक राहतात ती कंपनी स्वस्तात घेते, त्याचं काय? शिवाय माझी दुपारची वीज शेजारच्या घरातच जळते. ती शंभर किलोमीटरवरून आणायचा खर्च आणि वाटेतली गळती वाचते, तेही हिशेबात धरा ना.

निवृत्त उपअभियंता

धरतो. गळतीचा मुद्दा तुमचा योग्य आहे आणि शहरात रोहित्रावरचा दुपारचा ताण खरोखर कमी होतो. पण दुसरी बाजूही बघा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर प्रकल्प उभे राहतात, तिथे वीज तीन रुपये युनिटच्या आसपास पडते. सार्वजनिक पैशातून सर्वांत जास्त सौरऊर्जा हवी असेल तर ती गच्चीवर नाही, त्या माळरानावर आहे. शेतकऱ्याला दिवसा पाणी मिळतं, तेही जमेला.

मीठभाकर

उपअभियंता साहेब, माळरान कुणाचं असतं हो? आमच्याकडे गायरान गेलं की शेळ्या कुठे न्यायच्या हा प्रश्न पडतो. गच्ची रिकामीच असते, तिथे ना गवत ना शेळी. बाकी हिशेब तुमचा बरोबर असेल, पण जमिनीची किंमत शून्य धरून केलेला हिशेब मला पटत नाही.

साताऱ्यात पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं, तेही छपरांवर पॅनेल लावूनच. गावाने मिळून केलं तर गच्ची कुणाची आणि बिल कुणाचं हा तंटाच उरत नाही.

मेलबर्नकर

इथून थोडी बातमी देतो, कारण बॅटरी-अनुदानाचा प्रयोग आमच्याकडे चालू आहे आणि त्याची मजा आणि सजा दोन्ही बघतोय.

आधी पॅनेलची गोष्ट. व्हिक्टोरिया राज्याने २००९ मध्ये, जाळ्यात सोडलेल्या जास्तीच्या युनिटला ६० सेंट देणारी योजना काढली. लोकांनी उड्या मारल्या. माझ्या घरमालकाने तेव्हाच बसवलं होतं, त्याला ते नोव्हेंबर २०२४ पर्यंत मिळत राहिले. आणि मी घर घेऊन पॅनेल लावलं तेव्हा? २०२५-२६ साठी नियामकाने ठरवलेला किमान दर ०.०४ सेंट. साठवरून जवळपास शून्यावर. देशात चाळीस लाखांहून जास्त छपरांवर पॅनेल आहेत, दुपारची वीज कुणालाच नको आहे.

म्हणून इथल्या केंद्र सरकारने १ जुलै २०२५ पासून घरगुती बॅटरीवर सुमारे ३० टक्के सूट सुरू केली. सूट ५० युनिट क्षमतेपर्यंत. आता साध्या कुटुंबाला रात्री लागतात दहा-बारा युनिटं. पण विक्रेते म्हणाले, सूट आहे तर मोठीच घ्या! लोकांनी हत्तीएवढ्या बॅटऱ्या गॅरेजात आणून उभ्या केल्या. २.३ अब्ज डॉलर ठेवले होते, ते इतक्या वेगाने संपायला लागले की डिसेंबरात तरतूद ७.२ अब्जांवर नेली आणि मे २०२६ पासून मोठ्या बॅटरीला सूट कमी करायचं ठरवलं.

आणि दुसरा मजला, तुमची तक्रार इथेही शब्दशः तीच. फ्लॅटवाले आणि भाडेकरू बाहेरच. मी स्वतः आठ वर्षं भाड्याने राहून दुसऱ्यांच्या छपरांना कर भरला.

दुसरा मजला

धन्यवाद मेलबर्नकर, माझं काम तुम्हीच केलंत. बॅटरीला अनुदान म्हणजे श्रीमंताच्या गॅरेजात हत्ती, हे मी सोसायटीत वाचून दाखवणार.

मेलबर्नकर

थांबा, अर्धंच वाचू नका. माझ्याकडे साडेतेरा युनिटांची आहे. दुपारी भरते, संध्याकाळी सहा ते दहा मी जाळ्यातून जवळजवळ काही घेत नाही. तेव्हा वीज महाग असते आणि ती माझ्यासाठी कुणाला बनवावी लागत नाही. त्यात माझ्या शेजारच्या भाडेकरूचाही फायदा आहे, फक्त त्याच्या बिलावर तो छापून येत नाही. हत्ती झाले ते सूट चुकीची आखल्यामुळे.

वऱ्हाडी वायरमन

बॅटरीचं म्हणाल तं एक गोष्ट लोकाइले माहीतच नसते. अर्धे लोक सोलर लावतात ते लाइन जाते म्हणून. अन् लाइन गेली का सोलरबी बंद! भर दुपारी, डोक्यावर ऊन, अन् पंखा बंद. मंग शिव्या कोणाले? मले. तुमचं सोलर जाळ्याले जोडलेलं हाय, खांबावर माह्यासारखा कोनी चढला असन तं तुमच्या गच्चीवरून करंट येऊन तो मरन. म्हणून लाइन गेली का ते इन्व्हर्टर सोताहून थांबते, अन् ते थांबलंच पायजे.

लाइन गेल्यावर चालू ठेवायचं तं हायब्रीड इन्व्हर्टर (जाळं अन् बॅटरी, दोन्हीवर चालणारं) अन् बॅटरी लागते. खेड्यात रोज दोन-दोन तास जाते. इथं बॅटरी म्हणजे चैन नाही साहेब, लेकराचा अभ्यास हाय.

निवृत्त उपअभियंता

वायरमनशी शंभर टक्के सहमत, सुरक्षेच्या बाबतीत.

पण मेलबर्नची गोष्ट इथे जशीच्या तशी लागू होत नाही. तिथे दुपारच्या युनिटला किंमत नाही, म्हणून माणूस ते साठवतो. इथे एकास एक परत मिळतं. मग अण्णा लाख रुपये घालून बॅटरी कशाला घेतील? बिलात एक पैसा वाचणार नाही. नेट मीटरिंग असंच ठेवून वर बॅटरीला अनुदान म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे. २०२५ च्या दरप्रस्तावात महावितरणने दुपारची युनिटं दुपारच्याच वापरात वळती करायचं सुचवलं, तेव्हा घरगुती ग्राहकांकडून केवढा आरडाओरडा झाला आठवतो ना?

माझं मत विचाराल तर बॅटरीला मदत द्या, पण ज्याने नेट मीटरिंग सोडलं त्याला द्या, आणि संध्याकाळी सहा ते दहा ती जाळ्याच्या कामी आली पाहिजे ही अट घाला. घराघरात देण्याऐवजी रोहित्रापाशी एकच मोठी ठेवली तर आणखी उत्तम. गुजरातेत मोढेऱ्याला २०२२ मध्ये गावासाठी प्रकल्पाबरोबर सामायिक बॅटरी बसवली आहे. तिथे भाडेकरू आणि मालक असा भेद करावा लागत नाही.

गच्चीतले अण्णा

म्हणजे मी नियम वाचून, सरकारवर विश्वास ठेवून पैसे घातले, आणि आता खेळ अर्ध्यावर असताना नियम बदला असं तुमचं म्हणणं. ज्यांनी आधी पॅनेल लावलं त्यांचं नेट मीटरिंग तसंच ठेवा, नव्यांना नवा नियम लावा. नाहीतर पुढच्या योजनेला कुत्रंही विचारणार नाही.

मीठभाकर

हे मात्र अण्णांचं रास्त आहे.

दुसरा मजला

आहे. मागे घेतो, योजनेवरचा राग अण्णांवर काढायचा नव्हता. भाजीवालीचं उदाहरण मला माहीत नव्हतं आणि त्यामुळे "फक्त बंगलेवाले" हे माझं वाक्य चुकलं. पण फ्लॅटवाल्याचा प्रश्न कुणीच सोडवला नाही, सगळे त्याला वळसा घालून गेले. दिल्लीत २०१९ पासून व्हर्च्युअल नेट मीटरिंगचे नियम आहेत. प्रकल्प एका जागी, युनिटं अनेकांच्या बिलात वाटून. मला ७८ हजार नकोत. मला माझ्या अठ्ठाविसाव्या हिश्श्याची वीज माझ्या मीटरवर दिसली पाहिजे, गच्ची आमची असो की पलीकडच्या शाळेची. तोवर बॅटरीला माझा विरोध कायम.

दरम्यान, सोसायटीत सामायिक वापरासाठी दहा किलोवॉटचा ठराव पुढच्या रविवारी पुन्हा येतोय. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर पॅनेलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आल्याने खजिनदार जरा मऊ झालेत. लिफ्ट आणि पंपाचं बिल महिन्याला चौदा हजार आहे, त्यामुळे मीही बहुतेक हात वर करीन. हसू नका. वायरमन, टाक्या मधोमध आहेत, दहा किलोवॉट बसतील का?

वऱ्हाडी वायरमन

हजारेक चौरस फूट मोकळी जागा पायजे, अन् सावली नको. टाकीच्या दक्षिणेले लावा, उत्तरेले नाही. विकणारा तुमाले मे महिन्यात गच्ची दाखवन, तवा सूर्य डोक्यावर असते, सावली दिसतच नाही. डिसेंबरात दुपारी तीनले वर जा अन् खडूनं टाकीची सावली आखून ठेवा. मंगच हात वर करा.