घाणेरीच्या काडीत राहणारी काळी रानमाशी कोणती?

येऊर-पायथा: घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या वसाहतीत घाणेरीच्या छाटलेल्या, वाळक्या काडीच्या टोकाला गोल भोक असून त्यातून सुमारे ५ मिलिमीटर लांबीची, काळी, जवळजवळ केसविरहित माशी ये-जा करते. चेहऱ्यावर फिकट पट्टा दिसतो. ही डंखरहित मधमाशी असेल का?

वाशीकर: तसे वाटत नाही. डंखरहित मधमाश्या झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या फटीत मोठ्या संख्येने राहतात आणि दाराशी मेण व राळेची नळी बांधतात. काडीचा मऊ गाभा पोखरणारी ही माशी सेरॅटिना किंवा ब्राउनसापिस या छोट्या रानटी मधमाश्यांच्या दोन गटांपैकी एकातली असावी.

ऐरोली निरीक्षक: सहमत आहे, मात्र चेहऱ्यावरच्या खुणेवरून निर्णय करू नये, कारण ती दोन्हींत आढळते. पुढच्या पंखाचे स्पष्ट छायाचित्र घ्यावे. सेरॅटिनाच्या पंखात तीन उपसीमांत कप्पे (पंखाच्या पुढच्या कडेजवळचे, शिरांनी वेढलेले छोटे भाग) असतात, ब्राउनसापिसच्या दोनच. वस्ती असलेली काडी आपोआप मोडून पडलेली मिळाली, तर ती उभी चिरून पाहावी: सेरॅटिना प्रत्येक अंड्यापाशी परागाचा गोळा ठेवून मध्ये भुशाचा पडदा घालते, तर ब्राउनसापिसच्या अळ्या पडद्यांविना एकाच पोकळीत वाढतात आणि मोठ्या माश्या त्यांना वेळोवेळी भरवतात, जे रानमाश्यांत विरळाच आढळणारे आणि आवर्जून नोंदवावे असे वर्तन आहे. केवळ ओळखीसाठी नांदते घर कृपया फोडू नये.

येऊर-पायथा: आभारी आहे. पंखाचे छायाचित्र मिळताच येथे देईन. तोवर छाटणी थांबवण्याची विनंती माळीदादांना केली आहे.