दुसऱ्या टॅबवर जाऊन आलो की भरलेला फॉर्म कोरा! हे आपोआप रीलोड होणं कसं बंद करायचं?

मानेवाड्याचा फॉर्मवाला

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाडा रोडवर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं छोटं दुकान आहे. एक टेबल, एक प्रिंटर, एक कूलर अन् बाकड्यावर नंबर लावून बसलेले पालक. सध्या शिष्यवृत्ती, प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, सगळं एकदमच सुरू आहे.

प्रॉब्लेम असा होऊन राहिला. फॉर्मची तीन पानं भरून होतात. चौथ्या पानावर फोटो मागतात, 50 केबीच्या आत. फोटो व्हॉट्सॲपवर आलेला असतो, म्हणून त्या टॅबवर जातो. उतरवतो. मंग फोटो लहान करायच्या साइटवर जातो. तिथून फॉर्मच्या टॅबवर परत आलो की वरचं गोल फिरते, पान पांढरं होते अन् गाडी थेट पहिल्या पानावर. नाव, गाव, आईचं नाव, सारं साफ. पाच मिनिटंही झालेली नसतात.

काल दुपारी एका मावशीच्या लेकीचा अर्ज तीनदा भरला. तिसऱ्या वेळी मावशीनं जन्मतारखेचा कागद पिशवीत ठेवून दिला. म्हणे, "आता तुम्हाले पाठ झाली असंल." खरंच झाली होती.

डेस्कटॉप आहे, 4 जीबी रॅम, विंडोज 10, जुनी हार्ड डिस्क. क्रोम वापरतो. टॅब नेहमी पंचवीस-तीस उघडे असतात, कारण बंद केले की पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, अन् ओटीपीवाला फोन घेऊन पोरगा कॉलेजात गेलेला असते. ब्राउझरला "बाप्पा, रीलोड नको करू" असं सांगायची काही सोय आहे का?

टॅबांची आई

दादा, सोय आहे, सांगते. पण आधी करणारा कोण ते शोधू. पान आपोआप रीलोड होण्याची तीन वेगळी कारणं असतात.

गिऱ्हाईक नसताना फॉर्मचा टॅब समोर ठेवून पंधरा मिनिटं हात लावू नका. डोळ्यांसमोर पान हललं तर ती साइटच स्वतःला ताजं करतेय. क्रिकेटच्या स्कोअरची, बातम्यांची पानं असं करतात. परत आल्यावर लॉगिनचं पान आलं, तर तिकडच्या सर्व्हरनं वेळ संपली म्हणून तुम्हाला बाहेर काढलंय. त्यात ब्राउझरची कोणतीच सेटिंग कामाची नाही. तुम्ही लिहिलंय की फॉर्म पहिल्या पानावर जातो, लॉगिनच्या नाही. म्हणजे तिसरं कारण दिसतंय: मागे राहिलेला टॅब ब्राउझरनं मेमरीतून काढून टाकला आणि तुम्ही परत आल्यावर नव्यानं मागवला. वरच्या पट्टीत त्याचं नाव तसंच दिसत राहतं, आत काहीच नसतं. लग्नातलं रिकामं पाकीट.

खात्री करायची असेल तर ॲड्रेस बारमध्ये क्रोम, पुढे कोलन, दोन स्लॅश आणि डिस्कार्ड्स असं इंग्रजीत, सलग टाइप करा. (पान बंद आहे असं दाखवलं तर आतली डीबगिंगची पानं आधी चालू करावी लागतील.) उघडलेल्या प्रत्येक टॅबची ओळ दिसेल, त्यात तो किती वेळा काढला गेला तो आकडाही असतो. फॉर्मच्या ओळीत शून्याच्या वर आकडा असेल तर चोर सापडला. त्याच ओळीत ऑटो डिस्कार्डेबल असा रकाना आहे, तो टॉगल करून बंद ठेवा. ते तेवढ्या टॅबपुरतंच असतं, टॅब बंद केला की गेलं.

आता कायमची सेटिंग. सेटिंग्ज, मग परफॉर्मन्स, तिथं मेमरी सेव्हर. ही सोय क्रोमच्या 108 व्या आवृत्तीत, डिसेंबर 2022 मध्ये आली. ती मेमरी संपायची वाट बघत नाही, बराच वेळ न वापरलेले टॅब झोपवते. पूर्ण बंद करा, नाहीतर "या साइट नेहमी चालू ठेवा" अशी यादी खाली आहे, त्यात फॉर्मची साइट टाका. मी बंद करत नाही, यादीच वापरते.

बर्डीचा जुना खेळाडू

ताईंनी सांगितलं ते बरोबर, पण भाऊ, तुमचं दुखणं मेमरी सेव्हरचं नाही. तो पाच मिनिटांत टॅब झोपवत नाही. शिवाय अर्धवट भरलेला फॉर्म, पिन केलेला टॅब, गाणं किंवा कॉल चालू असलेला टॅब, यांना तो हात लावत नाही. तरी तुमचा भरता फॉर्म उडतो, म्हणजे मेमरी पार तळाला गेली अन् ब्राउझर हाताला लागेल ते बाहेर फेकून राहिला. बुडती नाव, मंग सामान कोणाचं हे कोण पाहते? सेटिंग बंद केल्यानं मेमरी पैदा होत नाही. उलट टॅब फेकायची मनाई केली तर तो टॅबच कोसळंल, नाहीतर मशीन अर्धा तास हार्ड डिस्क खरवडत बसंल.

दोन गोष्टी पाहून सांगा.

क्रोममध्ये शिफ्ट अन् एस्केप एकत्र दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडते. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड टॅब वर येते. माझी पैज व्हॉट्सॲप अन् ती फोटोवाली साइट यांच्यावर. (नव्या क्रोममध्ये टॅबवर माउस नुसता धरला तरी एमबीचा आकडा दिसते.)

दुसरी, अन् खरी: विंडोजची व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे रॅम कमी पडली की हार्ड डिस्कवरची जी जागा मेमरी म्हणून वापरते ती. त्या जागेची फाइल म्हणजे पेजिंग फाइल. बऱ्याच जणांनी जागा वाचवायच्या नादात पेजिंग फाइल बंद करून ठेवलेली असते. विंडोज किती मेमरी वाटू शकते तो हिशेब रॅम अधिक पेजिंग फाइल असा आहे. फाइल नाही म्हणजे 4 जीबीत विंडोज, क्रोम, प्रिंटरचा सॉफ्टवेअर, अँटिव्हायरस, सारं कोंबलेलं. सिस्टिमच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स, तिथं पुन्हा ॲडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरी. "आपोआप सांभाळा" वर टिक करा अन् मशीन रीस्टार्ट करा.

अन् 50 केबीच्या फोटोसाठी साइट कायले लागते? पेंटमध्ये उघडा, रीसाइझमध्ये टक्के कमी करा, जेपीजी म्हणून सेव्ह करा. लोकांच्या पोरांचे फोटो अनोळखी साइटवर चढवणं मला तसंही पटत नाही.

कोल्ह्याची बाजू

क्रोम सोडून फायरफॉक्स ब्राउझर वापरणारा एकटाच दिसतोय मी इथं. विंडोजवर फायरफॉक्ससुद्धा टॅब रिकामे करतो, 93 व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर 2021 पासून. पण मेमरी खरोखर कमी पडली तरच, आणि गेल्या 10 मिनिटांत वापरलेल्या टॅबला सोडून. तुमच्या फोटोच्या फेरीला ही 10 मिनिटं पुरतील. अबाउट, कोलन, अनलोड्स टाकलं की पुढचा नंबर कोणत्या टॅबचा ते दिसतं. अबाउट, कोलन, कॉन्फिग टाकून आतल्या सेटिंग्जचं पान उघडा, त्यात अनलोड ऑन लो मेमरी शोधून फॉल्स केलं की बंद. मी मात्र ते चालूच ठेवलंय, बर्डीच्या काकांनी सांगितलेल्या कारणासाठी.

मानेवाड्याचा फॉर्मवाला

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहून राहिलो, सीझन आहे, समजून घ्या.

पहिल्या दिवशी ताईंचं ऐकलं. डिस्कार्ड्सच्या पानावर फॉर्मच्या टॅबपुढं आकडा होता 2. मेमरी सेव्हर बंद केला, साइट यादीत टाकली, लय खूश झालो. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, अन् वरून अख्खा क्रोम दोन मिनिटं गोठला. मंग बर्डीच्या काकांचं ऐकलं. शिफ्ट-एस्केप दाबलं तर फोटोची साइट सगळ्यात वर. जाहिरातीच जाहिराती हलून राहिल्या होत्या तिच्यात. अन् काका, पेजिंग फाइल खरंच बंद होती! भाच्यानं कधीतरी "स्पीड वाढवून देतो मामा" म्हणून केलं होतं. त्याले फोन केला तर म्हणते, व्हिडिओत पाहिलं होतं.

पेजिंग फाइल आपोआपवर केली, फोटो आता पेंटमध्ये करतो. तेवढ्यानंच फॉर्म उडायचं थांबलं, पण मशीन रांगून राहिलं. विंडोजच्या टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं तर "2 पैकी 1 स्लॉट" दिसला. म्हणजे रॅम बसवायची एक जागा रिकामी. बर्डीच्या बाजारातून जुन्या रॅमच्या पट्टीसारखीच 4 जीबीची आणून बसवली. आता मेमरी सेव्हर पुन्हा चालू केला, साइट यादीत ठेवली.

परवा मावशी धाकट्या लेकीचा अर्ज घेऊन आल्या. एकाच दमात झाला. पण पावती छापून हातात पडेस्तोवर मावशीनं जन्मतारखेचा कागद काही पिशवीत घातला नाही.

रेशीमबागची पोर

मध्येच विचारते, सॉरी. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, फॉर्म फोनवरच भरते. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेले की क्रोम रीलोड होतं. फोनवर ही यादी कुठं असते?

टॅबांची आई

फोनवर ती यादी नाही गं. तिथं मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागचं ॲपच बंद करतं, ब्राउझरला विचारत नाही. ओटीपी बघायला ॲप बदलू नकोस. वरून येणारी नोटिफिकेशन खाली ओढून तिथंच आकडा वाच. फॉर्म सुरू करण्याआधी बाकीची ॲप आणि टॅब बंद कर, फोटो आधीच लहान करून ठेव, आणि प्रत्येक पानाखाली सेव्ह ड्राफ्ट दिसलं तर ते दाबल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. नाहीच जमलं तर मानेवाडा रोडवर एक दादा आहेत, त्यांचं मशीन आता बरं झालंय.