मदत हवी आहे: पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन मालवणला जायचंय, सापांचं काय करू?

ओलीचिंब:
नमस्कार मंडळी. आम्ही डब्लिनला राहतो. इथल्या प्राथमिक शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये, त्यामुळे गावी जायचं म्हणजे ऐन पावसातच. यंदा महिनाभर सासरी राहायचा बेत आहे, मालवण तालुक्यात. (वराडपासून फार लांब नाही. हो, आयर्लंडच्या माजी पंतप्रधानांच्या वडिलांचं तेच वराड.) मुलगा सात वर्षांचा, मुलगी चार. दोघंही आयर्लंडात जन्मलेली, आणि या देशात रानात साप नाहीतच. सेंट पॅट्रिकने हाकलून दिले ही दंतकथा. खरं म्हणजे हिमयुग ओसरल्यावर साप इथवर पोचायच्या आत मध्ये समुद्र आला. कारण काहीही असो, माझी मुलं गवतात लोळतात, दगड उलटून खालचे किडे बघतात, भोक दिसलं की हात घालतात. धाकटी तर वळवळेल ते उचलते.

घर जुनं, कौलारू. पुढे खळं म्हणजे अंगण, कडेला जांभ्याचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, मागे लाकडांची रास आणि गोठा. गोठ्यात आता गुरं नाहीत, पेंढा आणि अडगळ आहे. न्हाणी बाहेर. रात्री सगळे माजघरात खाली अंथरुणं घालून झोपतात. मी स्वतः पुण्यात चौथ्या मजल्यावर वाढले. साप बघितला तो कात्रजच्या सर्पोद्यानात. नवरा म्हणतो, "मी तिथेच वाढलो, काही होत नाही." सासूबाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "किरडू इला तर जाता आपला." (किरडू म्हणजे साप.) त्याने मला काडीचा धीर आला नाही.

प्रतिविषाची इंजेक्शनं सोबत नेता येतात का? जाण्याआधी मुलांना एखादी लस देता येते का? घराभोवती काय टाकावं म्हणजे साप येणार नाहीत? ऑनलाइन एक आवाज करून साप पळवणारं यंत्र दिसतंय, घेऊ का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे सासूबाईंना न दुखावता हे सगळं जमवायचं कसं? कृपया "काही होत नाही" सोडून दुसरं काहीही सांगा.

तिरकस:
आयर्लंडात राहून कोकणाची भीती वाटायला लागली! आमच्या चार पिढ्या त्या गवतात लोळल्या.

तिरफळ:
बाय, तेचा मनार घेव नको. आमच्या चार पिढ्यांत सापान चावलेली माणसां पण होती, ती धाग्यार लिवूक येनत नाय इतकाच.

सड्यावरचा:
ताई, मी तुमच्याच तालुक्यातला. तुमच्या वर्णनातलं घर डोळ्यांसमोर आलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर बेतणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. बाकी दिसतील ते बहुतेक बिनविषारी. गोठ्यात उंदरांमागे धावणारी लांबलचक धामण, विहिरीतला दिवड, कुंपणातली नानेटी, भिंतीवर चढणारा कवड्या. त्यांच्यामुळे घरात आरडाओरडा होतो, बाकी काही नाही.

पण फुरशाकडे लक्ष द्या. वीतभर-हातभर लांबीचं, मातकट रंगाचं, जांभ्याच्या दगडात बसलं तर दिसतच नाही. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात (तेव्हा आपण त्यातच होतो) फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं, इतकी ती होती. अजूनही सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, आणि गडग्याच्या फटींत असतात. ते पळून जात नाही, वेटोळं घालून खवले एकमेकांवर घासतं. कढईत काहीतरी तळल्यासारखा चरचर आवाज येतो. तुमची दगड उलटून बघणारी मुलं म्हणूनच मला काळजीची वाटतात. त्यांना एकच नियम शिकवा: गडग्याला, लाकडाला, दगडाला हात लावायचा नाही, काही बघायचं असेल तर आजोबांना बोलवायचं.

आता घराभोवती काय टाकायचं. काहीही टाकू नका. कार्बोलिक अ‍ॅसिड, लसूण, मीठ, फिनेल यांनी साप अडत नाही. कार्बोलिकने मात्र मुलांची कातडी भाजेल. ते यंत्रही घेऊ नका. टाकायचं नाही, काढायचं आहे. तुम्ही पोचायच्या आत एक गडी लावून गोठ्यातला पेंढा आणि अडगळ हलवा, लाकडांची रास घरापासून दूर न्या, पडवीतले उंदीर कमी करा. साप उंदीर-बेडकांसाठी येतो, तुमच्यासाठी नाही. खळ्यातून न्हाणीपर्यंत चांगला उजेड लावा. अंधारात बॅटरीशिवाय आणि अनवाणी पायरी उतरायची नाही, मोठ्यांनीसुद्धा.

साप घरात निघालाच तर मारायला धावू नका. वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे ते आहेच, पण मारायला किंवा पकडायला गेलेल्यालाच तो चावतो. एकाने लांबून नजर ठेवायची, मुलांना दुसऱ्या खोलीत न्यायचं, आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ वर फोन करायचा. गावातल्या सर्पमित्राचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

ब्रिस्बेनकर:
आम्ही क्वीन्सलंडमध्ये आहोत. अंगणात साप ही रोजची गोष्ट. इथे शाळेतच शिकवतात की चावलं तर पूर्ण हातापायाला रुंद क्रेप पट्टी घट्ट गुंडाळायची आणि जराही हलायचं नाही. दोन-तीन क्रेप पट्ट्या नक्की घेऊन जा. ऑस्ट्रेलियात इतके जहाल साप असूनही वर्षाला सरासरी दोन-तीनच माणसं दगावतात, त्यात या पट्टीचा वाटा आहे.

रात्रपाळी:
कोकणातल्या सरकारी रुग्णालयात काही वर्षं काढलेली डॉक्टर आहे, म्हणून लिहिते.

आधी ब्रिस्बेनकर यांच्या पट्टीबद्दल. ऑस्ट्रेलियात ती बरोबरच आहे, कारण तिथले घातक साप बहुतेक नाग-मण्यारीच्या कुळातले. त्यांच्या विषाने चावलेल्या जागेचं मांस सहसा फारसं खराब होत नाही आणि दाबाने त्याचा प्रवास मंदावतो. कोकणात चावा बऱ्याचदा फुरशाचा किंवा घोणशीचा असतो. त्यांचं विष चावलेल्या जागेचं मांस खराब करतं, सूज चढते, आणि घट्ट पट्टीखाली ते नुकसान वाढू शकतं. म्हणून भारतात आम्ही सांगतो: हाड मोडल्यावर देतो तसा फळीचा आधार द्या, दाब नको. दोरी, रुमाल, नाडी काहीही आवळायचं नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ-हळद-चुना काही नाही. अंगठी, बांगड्या, मुलीच्या पायातले पैंजण लगेच काढा, सुजेत अडकतात. मुलाला चालवू नका, उचलून न्या. किती वाजता चावलं ते लक्षात ठेवा. सापाचा फोटो लांबून सहज मिळाला तर ठीक, पण त्याच्यामागे धावण्यात दहा मिनिटं घालवू नका. आपलं प्रतिविष चारही सापांवर एकच आहे, त्यामुळे साप ओळखला नाही म्हणून उपचार अडत नाहीत.

प्रतिविष सोबत नेण्याचा विचार सोडून द्या. ते घोड्यांच्या रक्तापासून बनतं, शिरेतून द्यावं लागतं, आणि काही रुग्णांना त्याचीच तीव्र अ‍ॅलर्जी येते. हाताशी अ‍ॅड्रेनलिन आणि ते देणारा डॉक्टर नसेल तर औषधच जिवावर उठेल. शिवाय एका कुपीने काही होत नाही, सुरुवातच साधारण दहा कुप्यांनी होते. लहान मुलालाही मोठ्यांएवढाच डोस, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. सरकारी रुग्णालयात हे मोफत आहे. लस अस्तित्वात नाही.

तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात जास्त खटकलं ते गवत नाही, ते माजघरातलं अंथरूण. मण्यार रात्री फिरते, उंदीर-पालींच्या मागे घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलली की चावते. दुखत नाही. सूज नाही. खूण दिसेलच असं नाही, झोपलेला माणूस बरेचदा जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, पापण्या जड होऊन खाली येतात, आवाज बदलतो, मग श्वास बंद पडायला लागतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोट दुखतंय म्हणून उठलं आणि त्याच्या पापण्या मिटत असतील तर "रात्रीचं जेवण बाधलं असेल" म्हणत ओवा देत बसायचं नाही, थेट रुग्णालय. उपाय साधा आहे: खाट, आणि गादीखाली चारही बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत मच्छरदाणीने झोपेतले सर्पदंश कमी होतात असं दिसलंय. जमिनीवरच झोपायचं असेल तरी मच्छरदाणी हवीच. डासांपासून सुटका होते ते वेगळंच.

आकड्यांनी भीती वाढवायची नाही, पण तिरकस यांच्यासाठी सांगते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला ५८ हजारांच्या आसपास. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक घरीच झालेले, म्हणजे रुग्णालयात न पोचता. ऑस्ट्रेलियाशी तुलना करायची तर ती इथे करा. आपल्याकडे मांत्रिकाकडे आणि गाडी शोधण्यात वेळ जातो. म्हणून गावी पोचल्यावर दोन-चार दिवसांतच एकदा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा: प्रतिविषाचा साठा आहे का, रात्री डॉक्टर असतात का, श्वासाचं यंत्र लागलं तर कुठे पाठवतात. कणकवली, सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत, ओरोसला जिल्हा रुग्णालय, आणि पलीकडे गोव्यात बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय. पावसात रस्त्याला किती वेळ लागतो ते स्वतः गाडीने जाऊन बघा. १०८ चा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये, आणि रात्री एका गाडीत पेट्रोल.

चावल्यानंतर मूल ठीक दिसलं तरी किमान २४ तास देखरेखीखाली ठेवतात. विषारी सापही बऱ्याचदा विष न सोडता चावतो, पण ते घरी बसून ठरवता येत नाही. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं; ते बघायला आम्ही रक्त काचेच्या कोरड्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतो. साधी चाचणी आहे, छोट्या रुग्णालयातही होते.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण चार वर्षांच्या मुलीसाठी कोकणात मला लाल विंचवाचीही तेवढीच काळजी वाटेल. विंचू चावल्यावर मूल घामाने भिजलं, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर ताबडतोब न्या. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर वापरून दाखवलं, तेव्हापासून विंचवाने मुलं दगावणं खूप कमी झालं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ब्रिस्बेनकर:
पट्टीबद्दल धन्यवाद, हा फरक माहीत नव्हता.

सूनबाई_क्रमांक_दोन:
सासूबाईंचं मी सांगते. "तुमच्या घरात साप असतात" असं ऐकू आलं की संपलं. खाटा सासऱ्यांच्या गुडघ्यांसाठी येऊ द्या, मच्छरदाणी डेंग्यूसाठी, खळ्यातले दिवे नवऱ्याच्या हौसेसाठी. साफसफाई "मुलांना गोठ्यात खेळायला जागा हवी" म्हणून. आणि मुलांना सापांबद्दल शिकवायचं काम सासऱ्यांकडे द्या. शहरातल्या सुनेने घाबरवण्यापेक्षा आजोबांनी "हे बघ, इथे हात घालायचा नाही" सांगितलेलं मुलं ऐकतात, आणि आजोबांची कॉलर ताठ होते.

ओलीचिंब:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी ताई, अंथरुणाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मी नुसती गवताला घाबरत होते. नवऱ्याला पूर्ण धागा वाचायला लावला. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला की शेजारच्या काकांचं असंच पहाटे पोट दुखून झालं होतं आणि लोक भुताटकी म्हणाले होते. खाटांचं त्याने स्वतःच फोन करून ठरवलं. गुडघ्यांच्या नावावर.

दोन शंका राहिल्या. मुलांचे गमबूट मालवणात मिळतील का? आणि एक दिवस आंबोलीला धबधबे बघायला जायचं आहे, तिथे काही वेगळं?

सड्यावरचा:
गमबूट येतानाच घेऊन या. इकडे शेतीचे मोठ्यांचे काळे बूट सहज मिळतात, चार वर्षांच्या मापाचे शोधत फिराल. रोज सकाळी उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, विंचवाला ती जागा फार आवडते.

आंबोलीत चापडा हा झाडाझुडपांवरचा विषारी साप असतो. पावसात पायवाटेकडेच्या झुडपांवर माणसाच्या कमरेच्या उंचीला गच्च बसून राहतो. तुमच्या कमरेची उंची म्हणजे मुलीचा चेहरा. तिला कडेला चालवू नका, फांद्या धरून चढू देऊ नका.

रात्रपाळी:
त्यात भर: चापडा आणि त्याचे भाऊबंद आपल्या प्रतिविषात येत नाहीत. जीव सहसा जात नाही, पण दुखणं आणि सूज भयंकर. चावला तरी रुग्णालयात जायचंच, आणि आंबोलीहून जवळचं सावंतवाडी.