मदत हवी आहे: चौदाशेचे स्पीकर, डग्गा ऐकूच येत नाही

सिडकोकर: परवा एम. जी. रोडवरून कॉम्प्युटरचे स्पीकर आणले. दुकानात दणदणीत वाजले. घरी आबांना अभंग लावून दिला तर पाच मिनिटांत म्हणाले, "तबला आहे, पण डग्गा कुठे गेला?" खरंच, नुसतं टकटक, पत्र्याचा डबा बडवल्यासारखं. दुकानदार रविवारपर्यंतच बदलून देणार. दुसरे घेताना आवाज पारखायचा कसा? लवकर सांगा.

गोदाकाठ: कोणते? दोनच की खाली वूफर? किती इंची? कशाला जोडलेत?

सिडकोकर: कॉम्प्युटरलाच जोडलेत, फ्रिजला नाही. दोन आहेत. खोक्यावर १००० वॉट लिहिलंय.

लाल_सोल्डर: ते पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा जाहिरातीतला आकडा, त्याला काही अर्थ नसतो. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते बघा. यूएसबीच्या साध्या पोर्टातून ५ व्होल्ट, अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. हजार कुठून आणणार, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून?

बिटको_पॉइंट: यूएसबी ३ ला ९०० मिलिअँपिअर मिळतात. अर्धवट माहिती देऊ नका.

लाल_सोल्डर: मग साडेचार वॉट. झाले का हजार?

सिडकोकर: अहो, ते भिंतीतल्या प्लगवर चालतात! तुमचं मिटलं असेल तर माझं बघा.

मखमलाबादवाली: ब्लूटूथ मुळीच घेऊ नका. माझ्याकडे पिक्चर बघताना ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात.

सिडकोकर: ब्लूटूथचं कोणी विचारलं, ताई?

जुनी_कॅसेट: नवे घेताच कशाला? जुना अँप्लिफायर आणि दोन लाकडी पेट्या घ्या. माझ्या वीस वर्षं वाजतायत.

गोदाकाठ: आणि टेबलावर कीबोर्ड कुठे ठेवायचा?

षड्ज: दुकानात ते लावतात ते गाणं ऐकू नका, ते धडधडायलाच निवडलेलं असतं. आबांचाच अभंग मोबाईलवर न्या. दोन जोड्या ताडून बघताना आवाज सारखा ठेवा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला बरा वाटतो. मग अगदी हळू करा. शब्द स्पष्ट राहतात का? तंबोरा मागे ऐकू येतो का? तिथेच निम्मे स्पीकर गळतात. दोन-तीन इंची स्पीकरकडून डग्ग्याच्या घुमाऱ्याची फार आशा नको. पण तुमच्याकडे तो दुकानात होता आणि घरी गेला, हे मला खटकतंय. जोडणी कोणी केली?

सिडकोकर: भाच्याने. त्यात काय अवघड?

षड्ज: डाव्या स्पीकरची तार मागे चिमट्यात बसते ना? लाल-काळी बघा. एकाच बाजूला उलट लागली की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. गाणाराही मधोमध बसल्यासारखा वाटत नाही.

लाल_सोल्डर: हे आधी मीच लिहिणार होतो.

बिटको_पॉइंट: यूएसबीतून वेळ मिळाला असता तर.

सिडकोकर: टॉर्च मारून बघितलं. उजव्या डब्यात लाल तार लाल चिमट्यात आहे, डाव्यात काळ्या. आबा झोपलेत, सकाळी बदलून बघतो. भाच्याला आत्ताच फोन करतो.