करी मोटर स्पीडवेला ज्यांचं नाव दिलंय, ते करी कोण?

दहाबाराचा_पाना (पुणे):
नमस्कार मंडळी. कॉलेजच्या टीमबरोबर फॉर्म्युला भारतसाठी, म्हणजे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रेसकारच्या स्पर्धेसाठी, कोइम्बतूरला गेलो होतो. स्पर्धा करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर होती. मला वाटलं, करी हे गावाचं नाव असेल. तिथल्या एका वयस्कर मार्शलनं सांगितलं, करी म्हणजे माणूस, रेसच्या गाड्या बांधायचे, १९९५ मध्ये विमान अपघातात गेले. एवढं बोलून ते झेंडा घेऊन आपल्या वळणावर निघून गेले. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, ते डोक्यातून जात नाहीये. करींची गाडी कोणी चालवली किंवा उघडून पाहिली असेल तर सांगाल का?

घाटरस्ता:
पूर्ण नाव एस. करिवर्धन. कोइम्बतूरच्या गिरणीमालक घराण्यातले. स्वतः शर्यतीत उतरायचे आणि गाड्याही बांधायचे. फॉर्म्युला मारुती ही रेसची गाडी त्यांचीच. नारायण कार्तिकेयन सुरुवातीला त्याच गाडीत शर्यती खेळला. २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय तो. बाकी इथले जुने लोक सांगतील.

जॉबरचा_मुलगा (इचलकरंजी):
मी उघडली आहे. सविस्तर लिहितो, कारण करींबद्दल मला कोणी विचारायची ही पहिलीच वेळ.

माझे वडील जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे. १९९४ मध्ये मी मद्रासला एका गॅरेजात हेल्पर होतो. मालकांचा भाचा फॉर्म्युला मारुती चालवायचा. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, तिथे मी पहिल्यांदा गेलो ते टायर वाहायला. भाच्यानं मागचं फायबरचं कव्हर उचललं आणि मी बघतच राहिलो. आत आपलं रोजचं मारुती ८०० चं इंजिन! ७९६ सीसी, तीन सिलिंडर, गॅरेजात महिन्याला दहा उतरवायचो तेच.

आता यातली मेख सांगतो. मारुतीचं इंजिन पुढे आडवं बसतं आणि गिअरबॉक्स त्यालाच जोडलेला असतो, पुढची चाकं तो ओढतो. करींनी तो अख्खा जोड उचलून ड्रायव्हरच्या पाठीमागे ठेवला. झाली मागच्या चाकांवर चालणारी सिंगल सीटर! लांब शाफ्ट नको, वेगळा गिअरबॉक्स नको. बाकी पाइपची चौकट आणि फायबरची बॉडी. कोइम्बतूर म्हणजे गिरण्या, पंप आणि फाउंड्र्यांचं गाव. लेथवाला, वेल्डर, मोल्डर हाकेच्या अंतरावर.

त्याआधी शोलावरमला, महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवर, शर्यती व्हायच्या. चांगली सिंगल सीटर हवी तर परदेशातून आणावी लागायची. तिचा एखादा पार्ट गेला की मोसम गेला.

आमच्यावरही त्या दिवशी तशीच वेळ आली होती. सकाळच्या सरावानंतर गाडी सुरूच होईना. प्लग बघितले, पेट्रोल बघितलं. शेवटी डिस्ट्रिब्युटरचं, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटून देणाऱ्या भागाचं, कॅप काढून उन्हात धरलं, तर आत केसाएवढी चीर आणि तिच्यावरून काजळीची रेघ गेलेली. पेटीत दुसरं नव्हतं. भाचा धावत पार्किंगमध्ये गेला आणि शर्यत बघायला आलेल्या एका गृहस्थांना घेऊन आला. त्यांनी स्वतःच्या मारुतीचं बॉनेट उघडून दिलं. कॅप मीच काढलं, वायरींना एक-दोन-तीन चिठ्ठ्या चिकटवल्या आणि आमच्या गाडीला बसवलं. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. ते गृहस्थ शर्यत संपेपर्यंत आमच्याच पिटमध्ये उभे होते, घरची गाडी पळत असल्यासारखे. संध्याकाळी त्यांचं कॅप पुसून परत बसवून दिलं.

करींना मी कधी भेटलो नाही. ते गेल्याचं गॅरेजात कळलं तेव्हा मालकांनी दुपारीच शटर ओढलं. तमिळमध्ये सगळे बोलत होते, मला अर्धंच समजत होतं. त्या वर्षी मनात होतं की कोइम्बतूरला जाऊन त्यांचं वर्कशॉप बाहेरून तरी बघावं. राहून गेलं.

टर्बो_सातारा:
काका, छान लिहिलंत. पण चाळीस अश्वशक्तीसुद्धा नसलेल्या इंजिनाची गाडी कितीशी पळणार?

जॉबरचा_मुलगा (इचलकरंजी):
सरळ रस्त्यावर फार नाही, हे खरं. पण ताकद कमी असली की वळणात सोडलेला वेग भरून निघत नाही. ब्रेक जरा लवकर मारला की पुढच्या सरळ पट्ट्यावर तिघं पुढे गेलेले असतात. शिवाय सगळ्यांकडे तेच इंजिन, त्यामुळे हरल्यावर गाडीकडे बोट दाखवायची सोय नाही. भाचा पहिल्या वर्षी रोज हरायचा आणि रात्री मला समोर बसवून वहीत एकेक वळण काढायचा. ती वही मी पाहिली आहे, म्हणून मला त्या गाडीला कमी म्हणवत नाही.

दहाबाराचा_पाना (पुणे):
काका, तुमचं उत्तर सगळ्या टीमला वाचून दाखवलं. आमच्या गाडीत केटीएम ३९० बाइकचं इंजिन आहे, तेही पाठीमागेच. सीनिअर्सनी ते का निवडलं असं विचारलं होतं, तर म्हणाले, चाकणला बनतं, पार्ट कुठेही मिळतात. पुढच्या वेळी कोइम्बतूरला एखादी जुनी फॉर्म्युला मारुती दिसली तर कव्हर उचलून फोटो टाकतो. कुठल्या बाजूनं काढू?

जॉबरचा_मुलगा (इचलकरंजी):
डिस्ट्रिब्युटरच्या बाजूनं काढ, बाळा. आणि तो मार्शल भेटला तर माझा नमस्कार सांग.