आईला नवाश्मयुगीन थडगं आतून दाखवायचंय: न्यूग्रेंज की आणखी कुठे?

गोदाकाठ: आई नाशिकहून आमच्याकडे रेडिंगला आली आहे. तिची सगळी हयात इतिहास शिकवण्यात गेली. स्टोनहेंज दाखवलं, पण दोरीच्या अलीकडूनच. म्हणाली, "मुखदर्शन झालं, गाभारा राहिला." आत शिरता येईल असं थडगं सुचवा. गुडघे दुखतात, फार वाकवत नाही. न्यूग्रेंजसाठी आयर्लंडला जावं का?

पायवाट: त्यापेक्षा वेस्ट केनेटला न्या. विल्टशरमध्ये, एव्हबरीजवळ. तिकीट नाही, दोरी नाही. सुमारे १०० मीटर लांब मातीचा उंचवटा, पूर्वेच्या टोकाला दगडी बोळ आणि पाच दालनं. बोळात ताठ उभं राहता येतं. न्यूग्रेंजचा बोळ १९ मीटर लांब आणि अरुंद, तिथे वाकावंच लागतं.

हे थडगं इ.स.पू. ३६५० च्या आसपासचं, म्हणजे स्टोनहेंजच्या मोठ्या शिळांहून हजारेक वर्षांनी जुनं. १९५५-५६ मध्ये पिगट आणि अ‍ॅटकिन्सन यांनी उत्खनन केलं. निदान ३६ जणांचे अवशेष इथे होते. आधी वाटायचं, शेकडो वर्षं दफनं चालू असतील. रेडिओकार्बनच्या नव्या कालमापनात निघालं की जेमतेम एका पिढीचा काळ! आत ठेवलेली बरीचशी माणसं एकमेकांना ओळखत असणार. मला तरी या जागेचं खरं मोल यातच वाटतं. पुढे दालनं खडू-मातीने भरली आणि तोंडाशी प्रचंड शिळा उभ्या करून ती बंद केली.

रानफूल: आत एका शिळेवर दगडी कुऱ्हाडी घासल्याच्या खुणा आहेत, त्या शोधाच. बाकी दगड खरखरीत, तेवढाच भाग पाट्यासारखा गुळगुळीत. आईंना तिथे हात फिरवू द्या. टॉर्च हवाच. रस्त्यापासून अर्धा मैल शेतातून चढ आहे, पाऊस झाला असेल तर चिखल, काठी घ्या. उत्खननातल्या वस्तू डिव्हायझेसच्या संग्रहालयात आहेत, येताना तेही करा.

वऱ्हाडी: आई परतल्या की नागपूरजवळची जुनापाणीची शिळावर्तुळंही दाखवा. ती लोहयुगातली, म्हणजे बरीच नंतरची. पण मेलेल्यांसाठी एवढाले दगड ओढून आणणारी माणसं आपल्याकडेही होती, हे जागेवर उभं राहून कळतं.

गोदाकाठ: ठरलं, शनिवारी वेस्ट केनेट. सगळं आईला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं: त्या ३६ जणांत लहान मुलं होती का?

पायवाट: होती. अगदी तान्ही बाळंही.