कडा तिरक्या का जातात?

क्रोशाने विणलेल्या लाटांच्या (नागमोडी नक्षीच्या) शालीच्या कडा आत ओढल्या जातात, असं कुणीतरी विचारलंय. लाट बहुतेक ठीक असेल, घोळ कडेला असतो. शिखरावर एकाच टाक्यात ३ खांब (सुईवर एक वेढा घेऊन विणलेले उंच टाके), दोन्ही उतारांवर ४-४ साधे खांब आणि खळग्यात ३ टाक्यांवरचे ३ खांब एकत्र मिटवून एकच करायचा. शिखरावर दोन वाढतात, खळग्यात दोन कमी होतात, म्हणून टाक्यांची संख्या बदलत नाही. एका लाटेला १२ टाके लागतात, शेवटी एक जास्त. म्हणून चार लाटांना सुरुवातीला ४९ साखळ्या, वर वळणाच्या ३ (ओळ सुरू करताना खांबाची उंची गाठायला घालतात त्या).

कडेला अर्धं शिखर येतं. तिथे वळणाच्या ३ साखळ्या एक खांब धरून त्याच टाक्यात आणखी एक घालायचा. ओळ संपताना मागच्या ओळीच्या वळणाच्या तिसऱ्या साखळीतही २ खांब. ही साखळी चटकन दिसत नाही, नेमकी तीच सुटते, टाके कमी होतात आणि कड आत ओढली जाते.

उठाव हवा असेल तर सुई टाक्याच्या माथ्यावरच्या दोन दोऱ्यांपैकी फक्त मागच्या दोऱ्यातून घाला. पुढचा दोरा मोकळा राहतो, बोट फिरवलं की त्याची रेघ लागते. कडेचे टाके मात्र दोन्ही दोऱ्यांतून घ्या, नाहीतर कड सैल पडते. आणि लोकर एकरंगी, फिकट घ्या हो! गडद रंगात हा सुंदर उठाव दिसतच नाही.